थोड्या पाण्याची बाग

मनुष्य आपला देश सोडून दूर वस्तीस जातो, तेव्हां आपली भाषा, आपले देव आणि आपल्या जेवणाच्या चवी यांबरोबर बागेची कल्पनाही तो सामानांत बांधून नेतो. इंग्लंडांतील मनुष्याच्या मनांतली बाग म्हणजे घरापुढें पसरलेली हिरवळ आणि तिच्या कडेनें फुलांचे ताटवे. त्या देशांत ही कल्पना शोभून दिसते. कारण तेथें बारा महिने थोडाथोडा पाऊस पडतो. माळ्यानें हिरवळ कातरावी एवढेंच काम. पाणी आकाश घालतें. हीच हिरवळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, दक्षिण कॅलिफोर्नियांत जाऊन बसली. तेथें तिला पाणी घालण्यास आकाश तयार नव्हतें. मग तिची आणि तिच्याभोंवतीं वाढत गेलेल्या शहराची तहान भागविण्यासाठीं एक नदी वळविण्यांत आली, एक सरोवर आटलें, आणि एका रात्रीं चारशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. ज्या टेकड्यांच्या कुशींत हें सर्व घडलें, त्याच टेकड्यांवर पिवळ्या फुलांचें एक झुडूप, कोणाकडेही पाण्याची मागणी न करतां, शतकानुशतकें फुलत होतें. शास्त्रानें त्यास नांव दिल्यानंतरही बागेच्या कुंपणाआंत त्यास मानाची जागा मिळण्यास एक शतकाहून अधिक काळ लागला.

दक्षिण कॅलिफोर्नियाचें हवामान महाराष्ट्रांतील मनुष्यास उलटें वाटेल. पाऊस पडतो तो नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, थंडीच्या दिवसांत. उन्हाळा सबंध कोरडा. लॉस एंजेलिस शहरीं वर्षाचा सरासरी पाऊस सुमारें १५ इंच, आणि तोही बेभरंवशाचा. एका वर्षीं भरपूर, तर पुढचीं दोनतीन वर्षें कोरडीं. तेथील मूळच्या वनस्पतींनीं या रहाटीशीं जमवून घेतलें आहे. रुजणें, पालवणें आणि फुलणें हीं सर्व कामें थंडींत व वसंतांत उरकून उन्हाळ्यांत त्यांपैकीं पुष्कळशा जणूं झोपीं जातात. बाहेरून आलेल्या वसाहतवाल्यांस मात्र हिरवी बाग हवी होती ती नेमकी उन्हाळ्यांत. भूमीचा विसाव्याचा काळ आणि माणसाच्या हौसेचा काळ एकच ठरला, आणि तंट्याचें मूळ तेथेंच पडलें.

किनाऱ्याजवळच्या टेकड्यांवर वाढणाऱ्या या झुडपाचें शास्त्रीय नांव एन्सेलिया कॅलिफोर्निका. झेंडू, शेवंती, सूर्यफूल आणि पावसाळ्याच्या अखेरीस सह्याद्रीचीं पठारें पिवळीं करणारी सोनकी यांच्याच कुळांतलें तें. या कुळाची खूण अशी कीं, ज्यास लोक एक फूल म्हणतात तो वास्तविक अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो; मधली चकती इवल्या फुलांनीं भरलेली, आणि कडेची प्रत्येक पाकळी हेंही एक स्वतंत्र फूलच. एन्सेलियाची चकती काळसर तपकिरी, आणि कडेच्या पाकळ्या लख्ख पिवळ्या. झुडूप तीनचार फूट उंच होतें आणि तितकेंच पसरतें. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत त्यावर फुलांची लयलूट असते. पुढें ऊन तापूं लागलें कीं तें पानें टाकून देतें आणि वाळक्या काटक्यांच्या रूपानें उन्हाळा काढतें. त्याचें हें उन्हाळी रूप पाहूनच बागवाल्यांनीं त्यास रानटी ठरविलें असावें, यांत नवल नाहीं.

शास्त्रास या झुडपाची ओळख करून दिली ती थॉमस नटाल यानें. तरुणपणीं इंग्लंडांत छापखान्यांत उमेदवारी केलेला हा गृहस्थ वनस्पतींच्या नादानें अमेरिकेस आला, हार्वर्ड विद्यापीठांत कांहीं वर्षें शिकवूं लागला, आणि १८३४ सालीं ती जागा सोडून एका व्यापारी तांड्याबरोबर भूमार्गानें पॅसिफिक किनाऱ्याकडे निघाला. १८३६ च्या वसंतांत तो कॅलिफोर्नियांत पोंचला. तो मुलूख तेव्हां मेक्सिकोच्या अमलाखालीं होता. सॅन डिएगोच्या वाळूंत पाटलोण वर खोंचून शिंपले व वनस्पती गोळा करीत फिरणाऱ्या या पन्नाशीच्या विद्वानास रिचर्ड हेन्री डेना या तरुण खलाशानें ओळखलें. कारण हार्वर्डमध्यें त्यानें याच गुरूचीं व्याख्यानें ऐकलीं होतीं. दोघेही त्या वर्षीं मे महिन्यांत एकाच जहाजानें परत निघाले. डेनानें १८४० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत ही भेट नमूद केली आहे, आणि १८४१ सालीं नटालनें एन्सेलिया कॅलिफोर्निकाचें शास्त्रीय वर्णन छापलें. म्हणजे हिरवळीचा जमाना सुरू होण्यापूर्वीं पन्नास वर्षें हें झुडूप ग्रंथांत दाखल झालेलें होतें. पण ग्रंथांत येणें निराळें आणि अंगणांत येणें निराळें.

या झुडपाची एक बहीण किनाऱ्यापासून दूर, वाळवंटांत राहते. तिचें नांव एन्सेलिया फॅरिनोसा, म्हणजे पिठूळ. पानांवर दाट पांढरी लव असल्यामुळें सबंध झुडूप पीठ भुरभुरल्यासारखें रुपेरी दिसतें, आणि फुलें लांब देठांवर पानांच्या वर डोलत असतात. तिच्या खोडांतून पाझरणारा डिंक स्पॅनिश मिशनऱ्यांच्या मठांतून धुपासारखा जाळीत. त्यावरून तिला स्पॅनिश लोक इन्सिएन्सो म्हणत. तेथील मूळ रहिवासी हाच डिंक चिकटविण्याच्या कामीं वापरीत. या पांढऱ्या लवेचें मर्म शास्त्रज्ञांनीं १९७६ सालीं प्रयोगांनीं मोजून दाखविलें. लव उन्हाचा मोठा भाग परतवून लावते, त्यामुळें पान थंड राहतें आणि पाण्याचा खर्च कमी होतो. जमीन जसजशी कोरडी होत जाते, तसतशीं नवीं पानें अधिकाधिक लवदार येतात. अर्थात् हा लाभ फुकटचा नव्हे. उजेड परतवला म्हणजे अन्नही कमी तयार होतें. किनाऱ्यावरच्या बहिणीस धुकें आणि दमट वारा यांचा आधार असतो. म्हणून तिचीं पानें हिरवीं आणि जवळजवळ लवेवांचून असतात. एकाच घराण्यांतील दोन बहिणींनीं दोन गांवांच्या हवेप्रमाणें दोन प्रकारचीं वस्त्रें पत्करलीं, असेंच म्हणावें लागेल.

ग्रंथांतलीं रानफुलें अंगणांत आणण्याचें काम ज्यानें आयुष्यभर केलें, तो मनुष्यही इंग्लंडांतलाच, हा या इतिहासांतला गमतीचा भाग आहे. थिओडोर पेन याचा जन्म १८७२ सालीं नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यांत झाला. रोपवाटिकेंत उमेदवारी करून तो १८९३ सालीं अमेरिकेस आला, आणि त्याच वर्षीं लॉस एंजेलिसला पोंचला. पोलंडची प्रख्यात नटी हेलेना मॉड्येस्का हिचें सँटियागो दरींत घर होतें. शेक्सपियरच्या नाटकांतील अरण्यावरून तिनें त्याचें नांव आर्डन ठेवलें होतें. तेथें पेनला माळ्याची नोकरी मिळाली. सभोंवतालच्या डोंगरांतून फिरतांना कॅलिफोर्नियाच्या वनस्पतींचा त्यास परिचय झाला, आणि तितक्याच लवकर त्यास दुसरेंही कांहीं दिसलें. नांगर, गुरें आणि घरें यांपुढें तीं रानें भराभर नाहींशीं होत होतीं. युरोपांतील बागांतून ज्या रोपांस लोक कौतुकानें जपत, त्यांस त्यांच्या माहेरीं कोणी विचारीत नव्हतें.

१९०३ सालीं पेननें लॉस एंजेलिस शहरांत स्वतःची रोपवाटिका आणि बियाण्याचें दुकान काढलें. रानफुलांचें बीं गोळा करून विकण्यास त्यानें आरंभ केला, तेव्हां गिऱ्हाइकांस तें फारसें रुचलें नाहीं. टेकडीवर फुकट मिळणाऱ्या झुडपास पैसे कोण देणार? तेव्हां त्यानें शहरांतील मोकळ्या जागांत बीं पेरून लोकांस फुलांचे गालिचेच दाखविले. १९१५ सालीं एक्स्पोझिशन पार्क या सार्वजनिक उद्यानांत त्यानें पांच एकरांची रानबाग उभी केली; तींत कॅलिफोर्नियाच्या २६२ जातींच्या वनस्पती होत्या. पुढें सँटा बार्बरा येथें १९२६ सालीं आणि सँटा आना येथील रँचोवर १९२७ सालीं खास कॅलिफोर्नियाच्या वनस्पतींचीं उद्यानें निघालीं, त्यांसही त्याचा हातभार लागला. चारशेंहून अधिक देशी जाती त्यानें बागाइतीच्या व्यवहारांत आणल्या.

परंतु शहर निराळ्याच वाटेनें चाललें होतें. १९०० सालीं लॉस एंजेलिसची लोकसंख्या सुमारें १ लाख २ हजार होती. १९१० सालीं ती ३ लाख १९ हजारांवर गेली. गांवच्या लहानशा नदीस हा भार झेपणें शक्य नव्हतें. शहराचा मुख्य पाणी-अभियंता विल्यम मलहॉलंड यानें उत्तरेकडील सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याच्या ओवेन्स खोऱ्यावर दृष्टि लावली. शहरानें तेथील जमिनी आणि पाण्याचे हक्क खरीदले, आणि २३३ मैल लांबीचा कालवा बांधला. सबंध वाट उताराची साधली होती. कोठेंही पंप बसवावा लागला नाहीं. ५ नोव्हेंबर १९१३ रोजीं हजारों लोकांच्या जयघोषांत तें पाणी सॅन फर्नांडो खोऱ्यांत उतरलें. अभियांत्रिकीच्या दृष्टीनें तो मोठाच पराक्रम होता. त्या पाण्यावर शहर वाढलें, संत्र्याच्या बागा वाढल्या, आणि घरोघरची हिरवळही वाढली.

त्या पराक्रमाची दुसरी बाजू ओवेन्स खोऱ्यानें पाहिली. नदी वळल्यामुळें ओवेन्स सरोवर १९२६ च्या सुमारास जवळजवळ कोरडें झालें, आणि पुढें दशकानुदशकें त्याच्या तळाची क्षारयुक्त धूळ वाऱ्याबरोबर माणसांच्या छातींत जात राहिली. संतप्त शेतकऱ्यांनीं १९२४ सालीं आणि पुन्हां १९२७ सालीं कालव्यास सुरुंग लावले. शहराजवळ पाण्याचा सांठा असावा म्हणून मलहॉलंडनें सेंट फ्रान्सिस नांवाचें धरण बांधलें होतें. १२ मार्च १९२८ रोजीं दिवसा त्यानें स्वतः तें तपासून निर्धोक ठरविलें, आणि त्याच मध्यरात्रीच्या थोडें आधीं तें फुटलें. पाण्याचा लोंढा दरींतून समुद्रापर्यंत गेला, आणि चारशेंहून अधिक स्त्रीपुरुष व मुलें त्यांत बुडालीं. मलहॉलंडनें दोष आपल्या शिरावर घेतला आणि लवकरच तो अधिकारावरून दूर झाला. तहान मात्र दूर झाली नाहीं. १९४१ सालीं कोलोरॅडो नदीचें पाणी २४२ मैलांच्या दुसऱ्या कालव्यानें दक्षिण कॅलिफोर्नियांत येऊन पोंचलें.

याच काळांत पेन आणि त्याच्या मार्गानें जाणारे बागवाले एक निराळी विद्या शिकत होते; आणि ती विद्या मुख्यतः हात आवरण्याची होती. एन्सेलियाचें बीं चपटें, काळसर आणि कडेस लवदार असतें. फूल वाळून त्याचें बोंड हातांत चुरतां येऊं लागलें म्हणजे तें गोळा करावयाचें. त्यांतलें पुष्कळसें बीं पोकळ निघतें. म्हणून पेरतांना हात थोडा सैल ठेवावा लागतो. पेरणीचा काळ म्हणजे शरद ऋतु, पहिल्या पावसाच्या तोंडाशीं. पाण्याचा निचरा चांगला होईल अशा रेताड मातींत बीं वरचेवर पेरून त्यावर मातीचा पातळ थर द्यावा. जाड थराखालीं तें गुदमरतें. ओल टिकली तर थोड्याच आठवड्यांत तें रुजतें. रोपास चारसहा पानें आलीं कीं तें थंडी सरण्यापूर्वींच कायमच्या जागीं लावावें; म्हणजे उन्हाळा येण्यापूर्वीं मुळांस खोल जाण्यास अवधि मिळतो. पहिलें वर्षभर मधून मधून पाणी द्यावें लागतें, पण तें सावकाश आणि खोल मुरेल असें. रोज शिंपडलेल्या पाण्यानें मुळें वरच्यावर राहतात आणि झाड परावलंबी होतें. खत घालूं नये. खतानें पाला माजतो, फांद्या लुळ्या पडतात, आणि झुडूप लवकर संपतें.

सर्वांत मोठी परीक्षा उन्हाळ्यांत येते. झुडूप पानें टाकूं लागलें कीं नवशिका बागवाला घाबरून पाणी ओततो. तापलेल्या मातींत तें पाणी मुळांशीं सांचतें, मुळें कुजतात, आणि जें झोपलें होतें तें खरोखरीच मरतें. पुष्कळ देशी झुडपें अशा मायेनेंच मेलीं, आणि मग तीं बागेंत जगत नाहींत असा बोभाटा झाला. जाणते बागवाले उन्हाळ्यांत हात बांधून बसत, शरदांत वाळल्या फांद्या छाटून टाकीत, आणि पहिल्या पावसानें त्याच बुंध्यांतून कोंवळी पालवी फुटलेली पाहत. झुडपाचें आयुष्य फार नसतें. पण जाण्यापूर्वीं तें आजूबाजूस आपलें बीं टाकून जातें, आणि बाग चालू राहते.

लोकांस ही विद्या पटण्यास उपदेशापेक्षां दुष्काळच अधिक उपयोगी पडले. १९७६ व ७७ सालीं कॅलिफोर्नियांत तीव्र अवर्षण झालें. १९८१ सालीं कोलोरॅडो संस्थानांतील डेन्व्हर शहराच्या पाणीखात्यांत झेरिस्केप हा शब्द घडविण्यांत आला. झेरॉस म्हणजे ग्रीक भाषेंत कोरडें. तेव्हां कोरड्या जमिनीस साजेशी बाग, असा त्याचा भावार्थ. जमिनीची आंखणी, मातीची मशागत, हिरवळ गरजेपुरतीच ठेवणें, योग्य झाडांची निवड, पाण्याची काटकसर, मातीवर पालापाचोळ्याचें पांघरूण, आणि निगा, अशीं त्याचीं सात कलमें ठरलीं. पेननें जें व्यवहारांत केलें होतें त्यांतलें बरेंचसें आतां सरकारी पत्रकांतून छापून येऊं लागलें.

१ एप्रिल २०१५ रोजीं कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन सिएरा नेवाडांतील एका कुरणांत उभे राहिले. त्या दिवसांत एरवीं तेथें कित्येक फूट बर्फ असतें; त्या दिवशीं नुसतें वाळलेलें गवत होतें. तेथूनच त्यांनीं शहरांच्या पाणीवापरांत २५ टक्के कपात करण्याचा हुकूम जाहीर केला, आणि ५ कोटी चौरस फूट हिरवळ काढून तेथें थोड्या पाण्यावरचीं झाडें लावण्याचा संकल्प सोडला. त्या संस्थानांत शहरी पाण्यापैकीं सुमारें निम्मा वांटा घराबाहेर, मुख्यतः बागांवरच खर्च होतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे हा हुकूम हिरवळीवरच कां कोसळला तें कळतें. हिरवळ काढणारास दक्षिण कॅलिफोर्नियाच्या पाणीमंडळानें चौरस फुटामागें २ डॉलर देऊं केले, तेव्हां लोकांची एवढी झुंबड उडाली कीं त्यासाठीं राखलेला पैसा त्याच उन्हाळ्यांत संपला. २०२३ सालीं तर, केवळ शोभेसाठीं राखलेल्या सार्वजनिक व व्यापारी हिरवळींस पिण्याचें पाणी घालण्याची बंदी २०२७ पासून टप्प्याटप्प्यानें अमलांत आणणारा कायदाही झाला.

मात्र हिरवळ काढली म्हणजे शहाणपण आलेंच, असें नाहीं. २०१५ च्या घाईंत कित्येक अंगणांत नुसती खडी पसरली गेली. पाणी वांचलें, पण मधमाशीस बसण्यास जागा उरली नाहीं, आणि तापलेल्या खडीनें घरेंही तापलीं. दुसरा धोका याहून मोठा. थोड्या पाण्यावर तगणारें झाड कोठलेंही असलें तरी चालेल, ही समजूत किती घातक ठरते तें ऑस्ट्रेलियानें अनुभविलें आहे. तेथें दक्षिण आफ्रिकेंतून ऑस्टिओस्पर्मम मोनिलिफेरम नांवाचें, एन्सेलियाच्याच कुळांतलें, पिवळ्या फुलांचें कणखर झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बागांतून आलें. त्याचाच एक प्रकार न्यू साउथ वेल्सच्या सरकारी खात्यानें १९४६ ते १९६८ या काळांत किनाऱ्यावरची वाळू धरून ठेवण्यासाठीं मुद्दाम लावला. वाळू त्यानें धरली. पण किनाराही धरला. तेथील मूळचीं झुडपें त्याखालीं दडपलीं गेलीं, आणि १९९९ सालीं राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या पहिल्या यादींत त्याचें नांव दाखल झालें. याच कुळांतलें, अमेरिकेंतून आलेलें गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम आढळलें. पुढें तें देशभर कसें पसरलें, हें महाराष्ट्रांतील शेतकऱ्यास सांगण्याची गरज नाहीं.

खुद्द कॅलिफोर्नियांतही हा धडा बारकाईनें शिकावा लागला. वाळवंटांतील रुपेरी एन्सेलियाचें बीं महामार्गांच्या उतारांवर पेरलें गेलें, तेव्हां ती सॅन डिएगोच्या किनारी भागांत, आपल्या हिरव्या बहिणीच्या घरांत येऊन पोंचली. दोघींचा संकर होतो. दोन्ही झाडें कॅलिफोर्नियाचींच. तरीही एकीचें अंगण दुसरीचें नव्हे. म्हणून आतां जाणते बियाणेवाले बीं कोणत्या जातीचें एवढेंच विचारीत नाहींत. तें कोणत्या टेकडीवरचें, हेंही विचारतात. थोड्या पाण्याची बाग म्हणजे कोठूनही आणलेल्या काटक झाडांची बाग नव्हे. त्या जागच्या पावसास आणि त्या जागच्या मातीस ओळखणाऱ्या बियांची ती बाग होय.

थिओडोर पेन १९६३ सालीं वारला. त्यापूर्वीं तीन वर्षें, १९६० सालीं, त्याच्या नांवानें एक संस्था निघाली. लॉस एंजेलिसच्या सन व्हॅली भागांतील तिच्या रोपवाटिकेंत एन्सेलियासारख्या देशी झाडांचें बीं व रोपें लोकांस मिळतात. या संस्थेनें १९८३ सालीं एक टेलिफोनची सोय केली. वसंतांत ठराविक क्रमांकावर विचारणा केली कीं कोणत्या डोंगरावर, कोणत्या दरींत कोणतीं रानफुलें फुललीं आहेत याची वार्ता ऐकूं येई. आणि पाऊस बरा झालेल्या वर्षीं त्या वार्तेंत किनाऱ्याच्या टेकड्यांवरील एन्सेलियाचेंही नांव असे. ज्या झुडपास पैसे देऊन घेण्यास पेनचीं पहिलीं गिऱ्हाइकें तयार नव्हतीं, त्याचा बहर कोठें आला आहे हें विचारण्यासाठीं त्यांचीं नातवंडें टेलिफोन उचलूं लागलीं.